दर दहा मिनिटांनी फेरी

लिनक्सचा कर्नल सुरू झाल्यावर एक मिनिटाने केमेमलीक कामाला लागतो. त्याआधी नाही. मशीन नुकतंच उठलेलं असतं, ड्रायव्हर एकामागून एक हजेरी लावत असतात, मेमरीचे कितीतरी तुकडे अजून कुणाच्या नावावर लागायचे असतात. अशा धांदलीत कुणावर बोट ठेवणं त्याला पटत नाही. 60 सेकंद तो सगळ्यांना स्थिरस्थावर होऊ देतो आणि मग पहिली फेरी काढतो. त्यानंतर दर 10 मिनिटांनी एक. कुणी बोलावलं नाही तरी येतो, आणि काही सापडलं नाही तर अवाक्षर न बोलता परत जातो.

त्याची ओळख करून द्यायची म्हणजे आधी त्याचं काम सांगायला हवं, कारण कामाखेरीज त्याला दुसरं आयुष्य नाही. कर्नलच्या मेमरीतले बेवारस तुकडे शोधून त्यांची यादी देणं एवढंच तो करतो.

साधा प्रोग्राम मेमरी घेऊन परत द्यायला विसरला तर त्याचं फार बिघडत नाही. प्रोग्राम संपला की कर्नल त्याची सगळी मेमरी जमा करून घेतो. पण कर्नल स्वतःच विसरला तर? त्याच्यावर हिशेब घेणारं कुणी नाही. खोली भाड्याने दिली, भाडेकरू किल्ली हरवून निघून गेला, आणि वहीत मात्र खोली भरलेलीच दिसते, असा हा प्रकार. मशीन रीबूट होईपर्यंत तो तुकडा अडकलेलाच राहतो. कर्नलची ही मेमरी डिस्कवरच्या स्वॅपमध्येही ढकलता येत नाही. एखादा नेटवर्क ड्रायव्हर एका पॅकेटमागे फक्त 64 बाइट विसरत असेल आणि सेकंदाला 100 वेळा विसरत असेल, तर एका दिवसात 55 कोटी बाइट गेले. टेबलावर अर्धा तास चाललेल्या चाचणीत हे जाणवत नाही. सहा-सहा महिने बंद न होणाऱ्या सर्व्हरवर जाणवतं, आणि तेही विचित्र रीतीने. मेमरी संपली की कर्नल नाइलाजाने एखाद्या प्रोग्रामचा बळी घेतो, आणि तो बहुतेक वेळा सर्वात जास्त मेमरी बाळगणारा, पूर्ण निर्दोष असा डेटाबेस असतो. मग मंडळी दिवसभर डेटाबेसची उलटतपासणी घेत बसतात.

केमेमलीकचा जनक कॅटलिन मरीनास. एआरएम कंपनीत काम करताना त्याने हे लिहिलं. 2006 पासून पॅच फिरत होते, त्यावर चर्चा होत होत्या; कर्नलच्या मुख्य घरात प्रवेश मिळाला तो 2.6.31 या आवृत्तीत, 2009 च्या सप्टेंबरमध्ये. मेमरी सांभाळणाऱ्या कोडच्या फोल्डरमध्ये त्याची एक फाइल आहे. एवढीच त्याची इस्टेट.

घराणं मात्र जुनं आणि मोठं आहे. 1960 मध्ये जॉन मॅकार्थीने लिस्प भाषेसाठी वापरात नसलेली मेमरी आपोआप गोळा करण्याची युक्ती मांडली, तिथपासून हे कुळ सुरू होतं. व्हॅलग्राइंडमधला मेमचेक हा त्याचा चुलतभाऊ. तो साध्या प्रोग्रामांच्या मेमरीत अशीच शोधाशोध करतो. या घराण्यातले बहुतेक जण शोधतात आणि लगेच सफाईही करतात. आमचा केमेमलीक शोधतो आणि तिथेच थांबतो. सापडलेल्या तुकड्याला त्याने आजवर हात लावलेला नाही. सी भाषेत लिहिलेल्या कर्नलमध्ये एखादी वस्तू खरोखरच निरुपयोगी आहे की तिचा पत्ता आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी कुणी जपून ठेवलाय, हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, हे तो जाणून आहे. चुकून जिवंत वस्तू मोकळी केली तर मशीन कोसळेल. म्हणून त्याच्या अहवालात नेहमी एकच विशेषण असतं: संशयित. इतके नवे संशयित सापडले, तपशील अमुक फाइलमध्ये पाहा. गेली कित्येक वर्षं त्याने त्यातला ‘संशयित’ गाळलेला नाही. मला तो आवडतो तो सर्वात आधी याच गोष्टीसाठी.

त्याच्या फेरीची रीत पाहण्यासारखी आहे. कर्नलमध्ये कुणीही मेमरी मागितली, म्हणजे केमॅलॉक झालं किंवा व्हीमॅलॉक झालं, की तो तुकड्याचा पत्ता, आकार आणि मागणाऱ्याचं नाव टिपून ठेवतो. परत दिली की ती नोंद काढून टाकतो. फेरीची वेळ आली की आधी सगळ्या नोंदी पांढऱ्या मानतो. मग कर्नलच्या कायमस्वरूपी डेटापासून आणि चालू असलेल्या प्रत्येक कामाच्या स्टॅकपासून वाचायला सुरुवात करतो. प्रत्येक आकडा उचलायचा आणि विचारायचं, हा माझ्या यादीतल्या एखाद्या तुकड्याच्या आत पडतो का? पडला तर तो तुकडा करडा झाला; त्याच्यापर्यंत पोचायची वाट कुणाकडे तरी आहे. आता त्या करड्या तुकड्याच्या आतही वाचायचं, त्यात दुसऱ्यांचे पत्ते असतील. असं करत करत वाचायचं काही उरलं नाही की जे अजून पांढरे, ते बेवारस. दोन तुकडे एकमेकांचे पत्ते खिशात घेऊन बसले असतील आणि बाहेरून त्यांच्याकडे यायची वाट नसेल, तर दोघेही यादीत जातात. एकमेकांना साक्ष देणाऱ्यांची साक्ष तो धरत नाही.

एवढं अवाढव्य वाचन करणारा माणूस दांडगाई करेल असं वाटतं. पण हा भलताच भिडस्त आहे. कामाला लागताना तो स्वतःचा अग्रक्रम मुद्दाम खाली उतरवून घेतो. बाकीच्यांनी पुढे जावं, मी मागून येतो. एका दमात 4096 बाइटपेक्षा जास्त वाचत नाही. तेवढं झालं की थांबून पाहतो, प्रोसेसर कुणाला हवाय का. हवा असेल तर बाजूला होतो.

एवढं करूनही त्याच्यामुळे मशीन मंदावतं, हे खरं आहे. प्रत्येक देण्याघेण्याची नोंद ठेवायची म्हणजे वेळ जाणार आणि नोंदींना जागाही लागणार. म्हणून रोजच्या वापरातल्या मशीनवर त्याला कुणी ठेवत नाही. तुमच्या हातातल्या फोनच्या कर्नलमध्ये तो बहुधा नसेलच. त्याची जागा प्रयोगशाळेत, चाचणीच्या मशीनवर. तिथे तो मंद चालला तरी कुणाची तक्रार नसते.

उतावळेपणा त्याच्या स्वभावात नाही. पाच सेकंदांपेक्षा लहान तुकड्यावर तो संशय घेत नाही. कारण नुकत्याच जन्मलेल्या तुकड्याचा पत्ता कदाचित प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये असेल, एका यादीतून दुसऱ्या यादीत जाण्याच्या वाटेवर असेल, आणि आपण नेमकं त्याच क्षणी पाहिलं असेल. पाच सेकंद उलटल्यावरही तो लगेच नाव जाहीर करत नाही. तुकड्यातल्या मजकुराची एक बेरीज करून ठेवतो आणि पुन्हा पाहतो. मजकूर बदललेला दिसला तर समजतो की कुणीतरी याला अजून वापरतंय, पत्ता फक्त आपल्याला दिसला नाही. त्या फेरीपुरता तो तुकडा सुटतो. पत्ता नाही, वय झालेलं आणि मजकूर जसाच्या तसा, अशी तिन्ही लक्षणं जुळली की मगच त्याच्या तोंडून नाव निघतं. आणि एकदा जाहीर केलेलं नाव पुढच्या फेरीत नवं म्हणून पुन्हा ओरडून सांगत नाही. फाइलमध्ये ते असतं, ज्याला हवं त्याने वाचावं.

गूगलचा सिझबॉट नावाचा एक अथक यंत्रमानव आहे. तो कर्नलला रात्रंदिवस चित्रविचित्र हाका मारून कुठे तो अडखळतो ते पाहत असतो. केमेमलीक त्याच्याही पदरी आहे. सिझबॉटला त्याचा स्वभाव पुरता माहीत झालाय. एक फेरी काढायला लावायची, जरा झोपायचं, पुन्हा फेरी. काही सापडलंच तर पुन्हा झोपायचं आणि आणखी एक फेरी. तरीही नाव टिकून राहिलं तरच ते माणसांना कळवायचं. इतक्या वेगाने धावणाऱ्या यंत्राला आमच्या गृहस्थाने थांबून वाट पाहायला शिकवलं, याचं मला फार कौतुक आहे.

आता त्याचा अहवाल. एकेक नोंद अशी असते: तुकड्याचा पत्ता, आकार, कोणत्या प्रोग्रामच्या नावाने घेतला, केव्हा घेतला, आतले पहिले 32 बाइट जसेच्या तसे, आणि खाली जास्तीत जास्त 16 पायऱ्यांची साखळी: या फंक्शनला त्याने बोलावलं, त्याला याने, आणि शेवटी मेमरी मागितली गेली. कधी कधी ते 32 बाइटच सगळं बोलून टाकतात. जेमतेम 8 बाइटांचा तुकडा, आणि उजवीकडे अक्षरात लिहिलेलं एखाद्या उपकरणाचं नाव. साखळीत नावासाठी जागा घेणारं फंक्शन. ज्यांनी दोन-चार गळत्या दुरुस्त केल्या आहेत त्यांना एवढ्यावरून पुढचं कळतं: उपकरण गेलं, नाव मागे राहिलं.

यादीचा क्रमही मोलाचा. ज्या क्रमाने तुकडे घेतले गेले त्याच क्रमाने तो ते मांडतो. एखाद्या मोठ्या वस्तूचा पत्ता हरवला की तिच्या आतून ज्यांच्याकडे वाट जात होती ते सगळेच बेवारस ठरतात, आणि फाइलमध्ये शेकडो नोंदी येऊन पडतात. नवखा माणूस घाबरतो. खालून वर दुरुस्त करत सुटतो. खरं तर अनेकदा वरच्या एका नोंदीची व्यवस्था लावली की खालच्या सगळ्या आपोआप मिटतात.

पण एक गोष्ट तो सांगत नाही, आणि सांगूही शकत नाही. तुकडा कुठे जन्मला ते तो सांगतो. कुठे हरवला ते नाही. जन्माची वेळ ही घटना असते. फंक्शन बोलावलं जातं, नोंद होते. हरवण्याला घटना नसते. एका चलात पत्ता होता, त्याच्यावर दुसरा पत्ता लिहिला गेला, किंवा फंक्शन संपलं आणि तो चलच गेला. मशीनच्या दृष्टीने काहीच घडलं नाही. म्हणून अहवालातल्या ओळीवर जाऊन पाहावं तर तिथलं कोड बहुधा स्वच्छ असतं. मेमरी मागितली, मिळाली का ते तपासलं, पुढे गेले. चूक तिथून बऱ्याच ओळी खाली, नाहीतर दुसऱ्याच फाइलमध्ये असते. जन्मस्थळापासून माग काढत हरवल्याच्या जागेपर्यंत जायचं काम माणसाचं. त्यात दोन-तीन दिवस सहज जातात.

माग काढत गेलं की बहुतेक वेळा गाठ पडते ती अपयशाच्या वाटेशी. समजा एक ड्रायव्हर आहे. उपकरण जोडलं की तो आधी स्वतःच्या माहितीसाठी एक तुकडा घेतो, मग एक बफर घेतो, मग इंटरप्ट मागतो. तिसरी मागणी फेटाळली गेली. लिहिणाऱ्याने तिथूनच चूक कळवून फंक्शन सोडलं. आधी घेतलेले दोन्ही तुकडे तसेच राहिले. लिहिणाऱ्याच्या टेबलावर इंटरप्ट नेहमीच मिळत होता, त्यामुळे ती वाट कधी चाललीच नाही. कर्नलमध्ये अशा न चाललेल्या वाटा हजारोंनी आहेत. केमेमलीक त्या चालून दाखवू शकत नाही. घडलेलं तेवढंच त्याला दिसतं. म्हणून त्याच्या जोडीला कर्नलमधली फॉल्ट इंजेक्शनची सोय लावतात. ती मेमरीच्या मागण्या मुद्दाम नाकारते, ड्रायव्हरला त्या अंधाऱ्या वाटेने जायला भाग पाडते, आणि मागे काय राहिलं ते केमेमलीक पाहतो. या दोघांची जोडी जमली की जुन्या ड्रायव्हरांची फार अडचण होते.

दुरुस्तीची जुनी, कसलेली पद्धत म्हणजे फंक्शनच्या शेवटी उतरती शिडी. ज्या क्रमाने घेतलं त्याच्या उलट क्रमाने परत द्यायचं, आणि जिथे अपयश आलं तिथून गोटू करून शिडीच्या नेमक्या पायरीवर उडी मारायची. कॉलेजात गोटू वापरू नका असं बजावलेलं असतं. कर्नलमध्ये ती सभ्य, सरळ गोष्ट आहे. चांगली लिहिलेली शिडी वाचताना मला नेहमी बरं वाटतं. पाच गोष्टी घेतल्या, पाच लेबलं, उलटा क्रम, एकही पायरी निसटलेली नाही.

तरी शिडीत मेमरी परत देणारं केफ्री लिहिलं की झालं, असं समजणाऱ्यांची इथे फजिती होते. मेमरी परत करण्याचा प्रश्न खरं तर मालकीचा असतो. या घडीला हा तुकडा कुणाचा? डिव्हाइस रजिस्टर करणाऱ्या फंक्शनचं उदाहरण घ्या. त्याच्या माथ्यावर स्पष्ट ताकीद लिहून ठेवली आहे: हे अयशस्वी झालं तरी त्या वस्तूवर थेट केफ्री करू नका, पुट डिव्हाइसच करा. कारण त्या फंक्शनला हात लावताक्षणी वस्तूवर किती जणांचा हक्क आहे याची मोजणी सुरू झालेली असते. आता ती तुमची एकट्याची नाही. तुम्ही फक्त आपला हक्क सोडू शकता, मोडून टाकायचं काम शेवटचा हक्क सुटेल तेव्हा होईल. केफ्री केलं तर वस्तू जाते, पण तिच्या नावासाठी घेतलेला तो 8 बाइटांचा तुकडा मागे राहतो. वर सांगितलेल्या नोंदीचा उगम अनेकदा इथेच असतो.

उलट बाजूने चुकलं तर त्याहून वाईट. आपल्याला गळती वाटली, केफ्री टाकलं, आणि तीच मेमरी दुसरीकडेही परत केली जात होती. एकच तुकडा दोनदा परत गेला, किंवा परत गेलेला तुकडा कुणीतरी अजून वापरतंय. मधल्या काळात तो तिसऱ्याला मिळालेला असतो. मशीन कोसळतं, किंवा घुसखोराला दार मिळतं. गळतीने मशीन हळूहळू थकतं. ही चूक ते क्षणात परक्याच्या हाती देते. शंका असेल तर गळती राहू द्यावी आणि जाणत्याला विचारावं, हे माझं ठाम मत.

हे मत नुसत्या कल्पनेवर उभं नाही. 2020 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एक निबंध लिहिला. लहानशा दुरुस्तीचा आव आणून कर्नलमध्ये दोष घुसवता येतात का, हा त्याचा विषय. प्रयोग आलेले पॅच तपासणाऱ्या मेंटेनरांवरच, त्यांना न सांगता. 2021 च्या एप्रिलमध्ये कर्नलचा एक प्रमुख मेंटेनर असलेल्या ग्रेग क्रोआ-हार्टमनने त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणंच थांबवलं, आणि तिथून पूर्वी आलेले चारशेवर बदल पुन्हा तपासले गेले. बहुसंख्य बदल प्रामाणिक आणि बरोबर निघाले. पण एका ओळीच्या दुरुस्तीकडे आपण किती विश्वासाने पाहतो, हे त्या वर्षी सगळ्यांना टोचलं. मला त्यात सर्वात वाईट वाटतं ते तपासणाऱ्यांच्या वाया गेलेल्या वेळाचं. एक ओळ तपासायलाही मालकीची पूर्ण साखळी डोक्यात उभी करावी लागते.

केमेमलीकला तोरा अजिबात नाही असं मात्र नाही. तो चुकला तर माफी मागत नाही. तुम्हीच त्याच्यासाठी आपल्या कोडमध्ये एक ओळ लिहायची. एखाद्या तुकड्याचा पत्ता फक्त हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवलाय, किंवा भौतिक पत्त्याच्या रूपात ठेवलाय, तर त्याला तो दिसत नाही आणि तो तुकडा बेवारस ठरतो. तेव्हा मेमरी घेतल्याच्या ओळीखाली ‘केमेमलीक नॉट लीक’ अशी हाक घालावी लागते. कर्नलमध्ये ठिकठिकाणी अशा हाका आहेत. मोठमोठ्या उपप्रणालींनी या एका गृहस्थाची समजूत काढलेली पाहून हसू येतं. पण ती ओळ सहज घालू नये. खरी गळती गप्प करायलाही तीच ओळ चालते, आणि तपासणाऱ्याने तिथे थांबून कारण विचारायलाच हवं.

त्याची नजरही सगळीकडे पोचत नाही. आकडा आणि पत्ता यांतला फरक त्याला कळत नाही. एखादी निव्वळ संख्या योगायोगाने एखाद्या तुकड्याच्या पत्त्यासारखी दिसली तर खरी गळती पांघरुणाखाली जाते. स्टॅकवर राहून गेलेले शिळे पत्तेही असंच करतात. पानांच्या हिशेबाने थेट घेतलेली मेमरी तो मोजतच नाही. आणि सर्वात मोठी गोष्ट: पत्ता आहे पण गरज संपली आहे, ही अवस्था त्याला कळत नाही. कुणी यादीत वस्तू भरतच चाललंय आणि कधी काढत नाही, तर प्रत्येक वस्तूचा पत्ता यादीत असतोच. केमेमलीक समाधानी, मेमरी मात्र संपत चाललेली. हक्कांची मोजणी वाढवून ठेवली आणि उतरवली नाही, तरी अनेकदा हीच गत. डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे उपकरणांच्या वर्णनाच्या झाडाच्या, नोडवरून फिरणारं एक लूप यासाठी कुप्रसिद्ध आहे: मधेच ब्रेक करून बाहेर पडलं की हातातल्या नोडवरचा हक्क सोडायचा राहतो. नोड झाडाला जोडलेलाच असतो, त्यामुळे केमेमलीकला यात वावगं काही दिसत नाही. असल्या चुका कोड वाचणारी साधनं पकडतात. ज्युलिया लावॉल यांचं कॉक्सिनेल त्यांत पहिल्या रांगेत.

आणि राग? राग एकाच गोष्टीचा. नोंद ठेवण्यासाठी त्यालाही मेमरी लागते. ती तो अतिशय संकोचाने मागतो. नसेल तर हट्ट नाही, तक्रारीची ओळही छापू नका असं सांगून. नाहीच मिळाली तर सुरुवातीपासून बाजूला ठेवलेला आपला छोटा साठा काढतो. तोही संपला तर एक ओळ लिहून कायमचा बसतो. मग त्याच्या फाइलमध्ये ‘स्कॅन’ लिहा, ‘स्कॅन=ऑन’ लिहा, रीबूट होईपर्यंत उठायचा नाही. आधी मला हे फार ताठर वाटायचं. नीट विचार केला तर दुसरा मार्गच नाही. एका तुकड्याची नोंद राहून गेली की त्याच्या आतले पत्ते वाचले जाणार नाहीत, आणि त्या पत्त्यांवरचे निर्दोष तुकडे बेवारस म्हणून जाहीर होतील. अर्धवट नोंदींवर आरोप करण्यापेक्षा तो काम सोडतो.

गळत्या कमी व्हाव्यात म्हणून कर्नलने इतर उपायही केले आहेत. तेजुन हेओने 2007 मध्ये आणलेल्या डेव्हएम पद्धतीत मेमरी उपकरणाच्या नावावरच लागते. उपकरण सुटलं की ती आपोआप परत. 2023 पासून व्हेरिएबलची व्याप्ती संपताच मेमरी मोकळी करणारी सोयही आली, आणि त्या कुप्रसिद्ध लूपची सुधारलेली आवृत्ती तिच्यावरच बेतलेली आहे. नव्या ड्रायव्हरांत शिड्या दिसेनाशा होत चालल्यात. पण जुनं कोड अफाट आहे, आणि नव्या सोयी चुकीच्या जागी वापरणारेही आहेत. केमेमलीकला एवढ्यात विश्रांती नाही.

त्याला भेटायचं असेल तर कर्नल बांधताना डीबगच्या पर्यायांत त्याला चालू करा आणि डीबग-एफएस माउंट करून त्याची फाइल शोधा. सरावासाठी त्याच्याच घरचं एक मॉड्यूल आहे. ते 32, 1024, 2048, 4096 बाइटांचे तुकडे घेऊन मुद्दाम विसरतं. आधी फाइलमध्ये ‘क्लिअर’ लिहा, म्हणजे जुने संशयित बाजूला होतील. मॉड्यूल चढवा, मग ‘स्कॅन’ लिहा. पहिल्या खेपेला बहुधा काही दिसणार नाही. पाच-सहा सेकंद थांबून पुन्हा ‘स्कॅन’ लिहा.